करवीर गादीचा दत्तक वारसा : रशियन सिंहासनाच्या संदर्भात

इ. स. १७६२ या एकाच वर्षी परस्परांपासून अतिदूर असलेल्या दोन राज्यांत गादीचा प्रश्न राजस्त्रियांच्या हातून सुटला. रशियात कॅथरीनने आपला पती तिसरा पीटर यास पदच्युत करून सिंहासन घेतले. करवीर राज्यात छत्रपती संभाजी महाराजांच्या विधवा राणी जिजाबाई यांनी खानवटकर भोसले घराण्यातील मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव शिवाजी ठेवले आणि १७७३ मध्ये निधन होईपर्यंत त्याच्या नावाने कारभार पाहिला. कॅथरीनपाशी पलटणी होत्या. जिजाबाईंपाशी दत्तकविधान होते.

रशियातील पेचाचे मूळ पीटर द ग्रेट याच्या १७२२ च्या हुकमात आहे. वारस नेमण्याचा अधिकार त्याने राज्यकर्त्याकडे घेतला आणि १७२५ मध्ये स्वतःच वारस न नेमता मरण पावला. पुढील काळात राजधानीतील रक्षक पलटणींचा कौल वारंवार निर्णायक ठरला. अखेर कॅथरीनचा पुत्र पॉल याने १७९७ मध्ये ज्येष्ठ पुत्राचा हक्क कायद्याने निश्चित केला व पुरुषवंश पूर्ण खुंटल्यावरच स्त्रीला वारसा देऊ केला. यात मातेविषयीचा रोष होता, असे मानण्यास जागा आहे.

करवीरात असा लेखी कायदा नव्हता. डिसेंबर १७६० मध्ये संभाजी महाराज निपुत्रिक वारले, तेव्हा सातारा व कोल्हापूर या दोन्ही गाद्या एक कराव्यात असा नानासाहेब पेशव्यांचा मनसुबा होता. जिजाबाईंनी तो सिद्धीस जाऊ दिला नाही. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत दत्तकास मान्यता मिळाली. म्हणजे दत्तक हा येथे केवळ पिंडदानाचा धार्मिक उपचार नव्हता. राज्याचे स्वतंत्र अस्तित्वच त्यावर अवलंबून होते. औरस पुत्राअभावी राज्य बुडू शकते, हे पुढे १८४८ मध्ये साताऱ्याने अनुभवले. तेथील दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी ते राज्य खालसा केले.

१८५७ च्या उठावानंतर धोरण पालटले आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. कोल्हापूरचे शिवाजी महाराज उर्फ बाबासाहेब यांनी ऑगस्ट १८६६ मध्ये मृत्यूपूर्वी पाटणकर घराण्यातील आपला भाचा राजाराम यास दत्तक घेतले. वस्तुतः महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब तेव्हा हयात होते. परंतु उठावातील सहभागाच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांना कराचीस बंदिवासात ठेवले होते. तेथेच १८६९ मध्ये त्यांचा अंत झाला. पॉलच्या नियमाने पाहिल्यास निपुत्रिक राजामागे गादी बंधूकडे गेली असती. येथे रक्ताच्या नात्यावर दत्तकाने मात केली, आणि त्या दत्तकाला बळ सार्वभौम सत्तेच्या संमतीचे होते.

राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या मागून १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगर येथे मृत्यू पावले. तेरा वर्षांत गादी दुसऱ्यांदा निर्वारस झाली. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज. जिजाबाईंप्रमाणे दत्तकाच्या नावाने राज्य करणे मात्र आनंदीबाईंच्या वाट्यास आले नाही. अज्ञान राजाच्या काळात कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालला, आणि २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांना राज्याधिकार मिळाले ते मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते.