ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

दर शनिवारी मी मुलींच्या एका बालगृहात संगणक शिकवते. पाच संगणक, पंचवीस मुली आणि खोलीला कुलूप. कुलूप लावलं की मुली सुरक्षित, असं सुरुवातीला मलाही वाटायचं.

एकदा तास संपल्यावर आठवीतली एक मुलगी मागे रेंगाळली. "ताई, एक फोटो पाठवला आणि समोरचा आणखी मागतोय, तर काय करायचं?" शाळेतल्या मैत्रिणीच्या फोनवरून ती एका अनोळखी 'दादा'शी बोलायची. तो रोज विचारायचा, "जेवलीस का?" तिला असं विचारणारं दुसरं कुणीच नव्हतं. सांगितलं तर शाळा बंद होईल, दुसऱ्या संस्थेत पाठवतील, या भीतीने ती महिनाभर गप्प होती.

आम्ही रागावलो नाही. संदेश पुसले नाहीत, फोटो कुणाला पुढे पाठवला नाही. पोलिसांत तक्रार दिली. मुलांवरचा लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. त्या दिवसापासून १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पोरींना तोंडपाठ आहे.

पण बाहेरच्या 'दादा'ला दोष देताना आपलंही पाहू. वाढदिवसाला केक घेऊन येणारे मुलींसोबत सेल्फी काढतात आणि संस्थेच्या नावासकट फेसबुकवर टाकतात. या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि इंटरनेट तोडून चालणारही नाही. अनाथांना राज्यात २०१८ पासून शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. पण प्रवेश असो की शिष्यवृत्ती, अर्ज ऑनलाइनच. आमच्या एकीचा ओटीपी बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या फोनवर जात होता. अर्जाची मुदत टळता टळता वाचली. आता दहावी झालेल्या प्रत्येकीचा स्वतःचा ईमेल आहे आणि पासवर्ड तिचा तिलाच ठाऊक. अठराव्या वर्षी बालगृह सोडताना हे तिला यायलाच हवं.

बालगृहात जाल तेव्हा फोन खिशातच ठेवा. जमलं तर आठवड्यातला एक तास द्या. अर्ज भरायला शिकवणारं आणि न रागावता ऐकून घेणारं माणूस तिथे हवं आहे.