सभेची वेळ आणि गावाचा दिवस

लोकशाहीचा कारभार सभेवाचून चालत नाही. सभा कोणी बोलवावी, तिची सूचना किती दिवस आधी द्यावी, गणसंख्या किती असावी, यासंबंधी नियमांत सविस्तर तरतुदी आहेत. ती कोणत्या प्रहरी भरवावी हा प्रश्न मात्र बहुधा सभा बोलावणाऱ्याच्या सोयीवर सोपविला जातो. वाशीमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. येथे कचेरीचा दिवस निराळा आणि गावाचा दिवस निराळा असून, एकाची मोकळी वेळ ती दुसऱ्याच्या कामाची वेळ असते.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा असे सहा तालुके आहेत. सोयाबीन, तूर आणि कापूस ही येथील खरिपाची मुख्य पिके होत. हंगामात शेतमजूर सकाळी भाकरी बांधून घराबाहेर पडतो तो दिवस कलल्यावरच परततो. त्याच्या दृष्टीने सकाळी अकराला बोलावलेली ग्रामसभा ही कामाच्या वेळेतील सभा होय. तिला हजर राहावयाचे तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. तीच सभा रात्री आठला ठेवली तर ग्रामपंचायतीच्या सचिवाच्या दृष्टीने ती कामाच्या वेळेबाहेरची ठरते.

ग्रामसभेच्या प्रचलित तारखा या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे चार दिवस राज्यभर ग्रामसभांशी निगडित झाले आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या दिवशी गावाने एकत्र यावे ही कल्पना उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु हे चारही दिवस शासकीय सुटीचे असल्याने सचिवाची सुटी सभेत खर्ची पडते. सुटीमुळे गावकरी तरी मोकळा असतो काय? मध्य ऑगस्टमध्ये निंदणाची व फवारणीची घाई असते. २ ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी ऐन भरात येते. पावसाची एखादी सर पडली तर शेंगा खराब होतील, या धास्तीने घरातील प्रत्येक हात शेतात असतो. मे महिन्याच्या प्रारंभी शेत मोकळे असते खरे, पण वऱ्हाडातील उन्हात भर दुपारी सभेला बसणे हे काही सुखाचे काम नव्हे. २६ जानेवारीचा काळ त्यातल्या त्यात बरा म्हणावयाचा, तरी हंगामी कामासाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे तोवर परतलेली नसतात.

याचा परिणाम गणसंख्येवर होतो. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार ग्रामसभेस उपस्थित असावे लागतात. तितके न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही. घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड, गावाचा विकास आराखडा, खर्चाचा हिशेब हे विषय मग ओट्यावर बसलेल्या मोजक्या मंडळींसमोर मंजूर होतात. हे सारे कायदेशीर असते; परंतु ज्याच्या घरकुलाचा निर्णय झाला तो त्या वेळी दुसऱ्याच्या शेतात राबत असतो.

महिलांची अडचण याहून बिकट आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद त्यांना निःसंकोच बोलता यावे म्हणून झाली, आणि ती योग्यच आहे. मात्र दोन्ही सभा दिवसा घेतल्या तर मजूर स्त्रीचा दोनदा खाडा होतो. सभा रात्री घेतली तर चूल, लेकरे आणि तांड्या-वस्तीवरून गावठाणापर्यंतची अंधारी वाट आड येते. रात्रीची सभा गावाच्या सोयीची असे सरसकट म्हटले जाते, तेव्हा गाव म्हणजे केवळ पुरुष असे गृहीत धरलेले असते.

आता दुसरी बाजू पाहावयास हवी. सचिव म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे पदनाम देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. एकापेक्षा अधिक ग्रामपंचायतींचा कार्यभार एकाच कर्मचाऱ्याकडे असणे ही नित्याची गोष्ट आहे. दिवसभर पंचायत समितीत, सायंकाळी एका गावात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या गावात, असा त्याचा क्रम असतो. मुख्यालयी राहण्याच्या नियमाकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण तीन गावांचा भार असलेल्याने त्यांपैकी दोन गावे परगावच समजावयाची.

शासकीय सेवकाचा संपूर्ण वेळ त्याला वेतन देणाऱ्या शासनाच्या स्वाधीन असतो आणि योग्य प्राधिकाऱ्याने सांगितलेल्या कामासाठी त्याला जादा मोबदला मागता येत नाही, हे तत्त्व मूलभूत नियमांतील अकराव्या नियमात आहे. पूर, दुष्काळ, साथ, निवडणूक अशा प्रसंगी ते अपरिहार्यही आहे. प्रश्न उद्‌भवतो तो नित्याच्या आढाव्यांच्या बाबतीत. २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमचा समावेश झाला आणि आरोग्य, शिक्षण, शेती अशा क्षेत्रांतील एकोणपन्नास निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाऊ लागली. मोजणी आली की माहिती आली, आणि माहिती आली की बैठक आली. दूरदृश्य प्रणालीमुळे प्रवास वाचला हे खरे. परंतु पूर्वी शेवटची बस निघून जाईल म्हणून तरी बैठक सहाला संपत असे, तो अडसरही आता उरला नाही. ग्रामसभेची सूचना मतदारांना सात दिवस आधी मिळावी, तिची दवंडी पिटावी, असा नियम आहे. कर्मचाऱ्याला मात्र रात्री दहाला भ्रमणध्वनीवर संदेश येतो आणि सकाळी आठला माहितीसह हजर राहावयाचे असते.

शनिवारच्या बैठकांबाबत एक हिशेब सहसा ध्यानात घेतला जात नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्या वेळी कार्यालयीन वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरविण्यात आली आणि भोजनाची वेळ वगळता रोजचे काम सव्वासात तासांवरून आठ तासांवर गेले. वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ झाले, पण तास २,०८८ वरून २,११२ झाले. म्हणजे कर्मचाऱ्याने शनिवार फुकट मिळविलेला नाही. रोजच्या पाऊण तासाने त्याची भरपाई तो करीत असतो. शाळा, रुग्णालये व अत्यावश्यक सेवा यांना तर हा आठवडा लागूच नाही.

कामाच्या वेळेला सीमा असावी हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुटीची व मर्यादित तासांची मागणी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास व त्यापुढील कामास दुप्पट वेतन ही मर्यादा घातली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेबाहेर दूरध्वनी व संदेशांपासून अलिप्त राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला. आपल्याकडे त्याच आशयाचे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही.

तथापि कायद्याची वाट न पाहताही बरेच करता येण्याजोगे आहे. पुढील ग्रामसभेची वेळ चालू ग्रामसभेतच उपस्थितांना, विशेषतः महिलांना, विचारून ठरविण्यास कोणतीही आडकाठी नाही. आढावा बैठकीच्या सूचनेत विषय आणि संबंधितांची नावे नमूद केली, तर ज्यांचा विषय नाही त्यांचा दिवस वाचतो. इतिवृत्तात सभा सुरू झाल्याची वेळ लिहिण्याचा प्रघात आहे. ती संपल्याची वेळही लिहावी. वर्षाअखेरीस ती पाने चाळली की कोणत्या सभेने किती तास घेतले आणि ठराव किती केले, हे कोणालाही दिसेल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. ही समिती शाळेच्या वेळेत बोलावली तर वर्ग अडतो व मजूर पालक येत नाही. शाळा सुटल्यावर बोलावली तर बाहेरगावाहून येणारा शिक्षक अडकतो. अशा वेळी आठवडी बाजाराचा दिवस उपयोगी पडण्यासारखा आहे. बऱ्याच गावांत त्या दिवशी मजुरीचा हिशेब होतो, शेतातले काम लवकर आटोपते किंवा बंदच असते. सकाळी बाजाराला निघण्यापूर्वीचा तासभर पालकांना सहज देता येतो आणि शाळाही तेव्हा नुकतीच उघडलेली असते.