एक कोटीची अट कशासाठी?

लेखमाला : पैसा आणि आपण – भाग ९

महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांची जमीन गेली, त्यांच्या खात्यात मोबदला जमा व्हायचा अवकाश, की ओटीवर एजंट हजर. पूर्वी तो मुदत ठेव आणि विमा घेऊन यायचा. आता त्याच्याकडे गुळगुळीत कागदाची पुस्तिका असते आणि तोंडात एक वाक्य : ‘बाजार पडला तरी आपला फंड पडत नाही.’ गेल्या भागात आपण म्युच्युअल फंड पाहिले. आज या वाक्यामागचा हेज फंड पाहू.

मूळ कल्पना रत्नागिरीकराला परकी नाही. मोहोर दिसताच बाग कराराने देऊन टाकणारा बागायतदार ठरलेली रक्कम खिशात घालतो. पुढे अवकाळी पाऊस आला, थ्रिप्सने मोहोर जाळला, तर तो घोर करार घेणाऱ्याचा. भाव चढला तरी बागायतदार हळहळत नाही, कारण त्याने झोप विकत घेतलेली असते. शेअर बाजारात असंच काही १९४९ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी केलं : चांगले वाटणारे शेअर घ्यायचे आणि फुगलेले वाटणारे उसने घेऊन विकायचे. समजा बाजार घसरला. घेतलेले ८ टक्के पडले, विकलेले १३ टक्के पडले, तर मधले ५ टक्के तुमचे.

हे ऐकायला छान. पण घेतलेला शेअर पडला आणि विकलेला चढला, तर दोन्हीकडून मार. त्यात उसनवारी आली की मार दुप्पट. आपल्याकडे सेबीच्या २०१२ च्या नियमावलीत हे फंड ‘पर्यायी गुंतवणूक निधी, तिसरा वर्ग’ म्हणून येतात आणि त्यांना निधीच्या दुपटीपर्यंत व्यवहार उभे करता येतात. म्हणजे १ कोटीवर २ कोटींचा डाव. तो १५ टक्के फसला की तुमचे ३० लाख गेले.

आता खर्च. प्रचलित रिवाज २ टक्के व्यवस्थापन शुल्क आणि नफ्यात २० टक्के वाटा. १ कोटीवर वर्षात २० लाख मिळाले असं धरू. २ लाख शुल्क गेलं, उरलेल्या १८ लाखांतून ३ लाख ६० हजारांचा वाटा गेला, या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी लाखभर. हातात साधारण १३ लाख ४० हजार, आणि कर अजून बाकीच. तिसऱ्या वर्गात कर फंडाच्याच पातळीवर कापला जातो. फ्युचर्स-ऑप्शन्सचा नफा धंद्याचं उत्पन्न धरून सर्वोच्च दराने. तोटा झाला तर व्यवस्थापकाला वाटा नाही, पण २ टक्के सुटत नाहीत. मागचा तोटा भरून निघेपर्यंत वाटा घेणार नाही, असं कलम करारात आहे का, एवढं तरी विचाराच.

आकड्यांपेक्षा मला जास्त भीती वाटते ती ‘बिनजोखमीचा’ या विशेषणाची. मुंबईतलं नॅशनल स्पॉट एक्स्चेंज आठवा. तो हेज फंड नव्हता, पण विक्रीची भाषा तीच होती. साखर, एरंडी, भात असा माल दोन दिवसांच्या करारावर घ्यायचा, तोच पंचवीस-तीस दिवसांच्या करारावर विकायचा; मधल्या फरकातून वर्षाला १४-१५ टक्के, तेही गोदामातल्या मालाच्या भरवशावर. ब्रोकरांनी हे मुदत ठेवीसारखं विकलं. ३१ जुलै २०१३ ला व्यवहार थांबले आणि माल पाहायला गेलेल्यांना बऱ्याच गोदामांत माल नव्हता. सुमारे १३ हजार गुंतवणूकदार, सुमारे ५,६०० कोटी रुपये. यात अडकलेले अडाणी नव्हते. सल्लागार बाळगणारे पैसेवाले होते.

हुशारीचंही तेच. १९९४ मध्ये सुरू झालेल्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंटच्या भागीदारांत मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन होते. दोघांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली आणि सप्टेंबरात बँकांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून तो फंड सावरावा लागला. गणित चुकीचं होतं असंही नाही. उसनवारी इतकी होती की गणित खरं ठरेपर्यंत तग धरता आला नाही.

म्हणूनच सेबीने किमान गुंतवणूक १ कोटी ठेवली आहे. एजंट हीच अट मिरवतो : ‘निवडक लोकांसाठी आहे, काका.’ तिचा खरा अर्थ वेगळा. एवढी रक्कम बुडाली तरी ज्याची चूल विझणार नाही, त्यानेच यावं. मोबदला हीच ज्याची आयुष्यभराची पुंजी, तो त्यात बसत नाही, मग खात्यात दीड कोटी का असेनात. १ एप्रिल २०२५ पासून ‘स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड’ नावाचा १० लाखांचा दरवाजाही उघडला आहे. त्याविषयी पुढच्या भागात.

तोवर कुणी पुस्तिका घेऊन आलाच, तर चहा द्या आणि फंडाचा नोंदणी क्रमांक मागा. तिसऱ्या वर्गाचा असेल तर तो ‘आयएन/एआयएफ३’ असा सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो स्वतः शोधा, नाही सापडला तर सही करू नका.