मिरगाआधी जुन्या मोटारीच्या काचेकडे पाहा

उसाचे बिल चांगले आले त्या साली वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेली ॲम्बॅसेडर नाहीतर पद्मिनी अजूनही आपल्या कोल्हापूर भागात कोणाच्या सोप्याला, कोणाच्या गोठ्यालगतच्या पत्र्याखाली उभी असलेली दिसते. घरातल्या लग्नाची वरात तिने आणलेली असते, अडल्या बाळंतिणीला भर रात्री तिनेच दवाखान्यात पोचवलेले असते. आज रोजच्या कामाला दुसरे वाहन आले, तरी तिला मोडीत घालायला मन तयार होत नाही. वाचकहो, तुमच्या दारात अशी एखादी गाडी असेल, तर पुढचे चार शब्द तुमच्यासाठीच आहेत.

जुनी गाडी इंजिनाने फारशी मरत नाही. इंजिन बिघडले तर ते खोलून पुन्हा उभे करणारे हात आपल्या शिवाजी उद्यमनगरात मिळतात. गाडी मरते ती पत्र्याने. पायाखालची पाटी कुजते, दाराखालचा पत्रा गळून पडतो आणि मग कोणी हौसेने दुरुस्त करायचे म्हटले तरी खर्च गाडीच्या किमतीबाहेर जातो. हे पाणी आत येते कोठून? अनेकदा समोरच्या काचेच्या कडेने. आणि त्या कडेला जी चकचकीत पट्टी असते, जिला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात, ती चुकीच्या पद्धतीने काढल्यामुळे किंवा वर्षानुवर्षे कधीच न काढल्यामुळे.

पट्टीचे काम काय?

पुष्कळांना वाटते की ही पट्टी केवळ शोभेची. पद्मिनीसारख्या गाडीत समोरची काच थेट पत्र्याला लागत नाही. मध्ये जाड रबर असते. रबराच्या एका खाचेत गाडीच्या पत्र्याची कड बसते, दुसऱ्या खाचेत काचेची कड. बाहेरच्या अंगाला तिसरी खाच असते, तिच्यात पट्टी दाबून बसवलेली असते. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकली की पाते कसे घट्ट बसते? तसेच येथे घडते. पट्टी खाचेत शिरली की रबर फाकते आणि त्याची ओठासारखी कड काचेवर दाबली जाते. पाचर ढिली झाली की पाते हलू लागते, तशी पट्टी वाकली की रबर सैल पडते आणि पावसाला वाट मिळते.

सगळ्याच गाड्यांची रचना अशी नसते. काही जुन्या अमेरिकन मोटारींत पट्टी रबरात नसून कडेला लपवलेल्या लहान क्लिपांवर अडकवलेली असते. तिला चपटे, आकडा असलेले खास हत्यार लागते आणि प्रत्येक क्लिप एकेक करून सोडवावी लागते. म्हणून हात घालण्याआधी बॅटरीच्या उजेडात कड नीट पाहावी. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबर दिसत असेल तर ती रबरातली समजावी. पट्टीची एक कड थेट काचेवर आणि दुसरी पत्र्यावर टेकलेली असेल तर ती बहुधा क्लिपांवरची. तशी असली तर ते काम जाणत्या मेस्त्रीलाच द्यावे.

दसऱ्याला आपण दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार डोळे भरून पाहतो. जर्मनीत बनलेली, दुसऱ्या महायुद्धाआधीची ही गाडी. अशा गाडीची पट्टी मोडली तर दुकानात जाऊन दुसरी आणता येत नाही. आपल्या साध्या गाड्याही हळूहळू त्याच वाटेने निघाल्या आहेत. फियाट ११०० चीच वंशज असलेल्या गाडीला १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे उत्पादन कधीच थांबले आहे. ॲम्बॅसेडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनत असे; तो कारखानाही मे २०१४ मध्ये बंद पडला. जुने भाग शोधले तर मिळतात, पण मूळ पट्टीसारखी पट्टी मिळेलच असा भरवसा नाही. म्हणून आहे ती जपणे हेच शहाणपण.

पूर येऊन गेलेल्या घरांनी विशेष लक्ष द्यावे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. गाड्याही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आपण सीट काढून वाळवल्या, इंजिनाचे तेल बदलले, बाहेरून गाडी धुतली. पण पट्टीखाली आणि रबराच्या खाचेत शिरलेला गाळ कोण काढणार? तो गाळ ओलावा धरून ठेवतो. वरून गाडी लख्ख दिसते आणि आत पत्र्याची कड कुजत असते. तुमची गाडी पुरात काचेपर्यंत बुडाली असेल आणि त्यानंतर पट्टी कधीच काढली नसेल, तर यंदा हे काम टाळू नका.

काढताना घाई नको

हे काम उन्हाळ्यात, मिरगाचा पाऊस पडण्याआधी करावे. उबदार रबर मऊ असते, थंडीत ते ताठरते. सकाळी गाडी तासभर उन्हात ठेवावी आणि मग सावलीत घ्यावी. आधी कडेची धूळ भरपूर पाण्याने धुवावी, नाहीतर तीच वाळू काचेवर ओरखडे काढते. मग भांड्याच्या साबणाचे पाणी पट्टीच्या दोन्ही कडांना सोडावे. रॉकेल, डिझेल, ग्रीस किंवा खाण्याचे तेल लावू नये. आज पट्टी सहज सरकते, पण तेलाने रबर फुगते आणि नरम पडते.

आता हत्यार. स्क्रू ड्रायव्हर डब्यातच राहू द्या. हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. आमच्या गाडीची पट्टी मी स्क्रू ड्रायव्हरने उचकटली. कोपऱ्यावर तिला जी घडी पडली ती पुढे कितीही ठोकली तरी गेली नाही, आणि पहिल्याच पावसात तेथूनच धार लागली. स्क्रू ड्रायव्हरला लागते तेवढी पट्टीला आणि काचेलाही लागते. जुन्या गाडीची काच कडक केलेली असेल तर कडेला लहानसा टवका उडाला तरी क्षणात तिचे खडीसाखरेसारखे तुकडे होतात. त्याऐवजी बांबूची कामटी घ्या, तिचे टोक पटाशीसारखे चपटे करून काचकागदाने गुळगुळीत करा. हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. काचेला आधीच तडा असेल तर या कामाला हात लावू नका.

पट्टी बहुधा दोन भागांत असते आणि सांध्यावर, वर व खाली मध्यभागी, लहान टोपी असते. ती टोपी आधी अलगद एका बाजूला सरकवा. मग सांध्यापासून सुरुवात करा. काम दोघांनी मिळून करावे. घरधन्याने कामटीने रबराचा ओठ उचलावा आणि घरधनिणीने पट्टी दोन दोन बोटे बाहेर घ्यावी. सरळ भागात निम्मे काम सहज होते. खरी परीक्षा कोपऱ्यावर. तेथे पट्टी आपल्याकडे ओढू नये, वळणाच्या अंगानेच सोडवत जावे. अडली तर पुन्हा साबणपाणी सोडा, थांबा, चहा घ्या. निघालेली पट्टी भिंतीला उभी करू नका, अंगणात वाकळ अंथरून तिच्यावर आडवी ठेवा आणि डावी कोणती, उजवी कोणती याच्या चिठ्ठ्या चिकटवा.

निघाल्यावर काय पाहावे?

पहिले रबर. नखाने दाबून पाहा. दबून परत वर आले तर जीव आहे. नख उमटतच नसेल, भेगा पडल्या असतील, तर ते बदलणेच बरे. कडक रबरात नवी पट्टी घातली तरी पाणी थांबत नाही.

दुसरी पट्टी. स्टीलची असेल तर पॉलिश करता येते. ॲल्युमिनियमची असेल, आणि ती हाताला हलकी लागते, तर राख, वाळू किंवा कॉस्टिक सोडा मुळीच लावू नका. वरचा संरक्षक थर निघून जातो आणि ती कायमची काळवंडते. साबणपाणी आणि मऊ फडके पुरे. लहान पोचा आला असेल तर पट्टी वाळूच्या पिशवीवर पालथी ठेवून आतून लाकडी मोगरीने हलके ठोके द्यावेत.

तिसरा पत्रा. काच उतरवली असेल तर कडेचा गंज खरवडून काढा, रेड ऑक्साइड लावा, वर रंग द्या आणि पुरता वाळू द्या. ओल्या रंगावर रबर बसवले तर सगळी मेहनत वाया जाते. पत्र्याला भोके पडली असतील तर आधी वेल्डिंग, मग रंग.

बसवताना

काच उतरवली असेल तर आधी रबर काचेभोवती चढवतात. रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी फिरवून तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी गाडीच्या आत सोडतात. साबणपाणी लावून काच बाहेरून जागेवर टेकवायची. बाहेरच्याने तळहाताने दाबत जायचे आणि आतल्याने दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो. ताठ पट्टी पुष्कळदा काच गाडीत चढवण्याआधीच, टेबलावर, रबरात घालून घेणे सोपे पडते. काच गाडीतच असेल तर रबराचा ओठ कामटीने फाकवत, कोपऱ्यापासून सुरुवात करून सरळ भागाकडे पट्टी अंगठ्याने दाबत न्यावी. शेवटी सांध्यावर टोपी सरकवावी. हातोडी कोठेही लागत नाही. लागते आहे असे वाटले तर समजावे की पट्टी खाचेत नाही.

पाण्याची परीक्षा

आता घरातल्या मुलाला बॅटरी देऊन आत बसवा. बाहेरून झारीने पाणी सोडा, पण वरून नव्हे. आधी खालच्या कडेला, मग बाजूंना, शेवटी वर. वरून पाणी ओतले तर ते सगळीकडेच वाहते आणि गळती कोठे आहे ते कळत नाही. गळतीची रीतच अशी की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पाणी शिरते वरच्या कोपऱ्यात आणि ठिबकते पायाशी. मुलाने पहिला थेंब दिसताच ओरडायचे आणि बाहेरच्याने तेथे खडूची खूण करायची.

एक गोष्ट कागदांची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी होऊन पाच पाच वर्षांसाठी वाढते. कुजलेली पाटी त्या तपासणीत आडवी येते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये केली, मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तेव्हा गाडी कोणत्या वाटेने ठेवायची ते घरात बसून आधी ठरवा.

थेंबे थेंबे तळे साचते. थेंबा थेंबानेच पत्राही कुजतो. बेंदराला आपण बैलाची शिंगे रंगवतो, पण त्याआधी त्याचे खूर आणि खांदा पाहतो. दारातल्या जुन्या गाडीचेही तसेच करावे. पट्टीची चमक मागाहून पाहावी, तिच्याखाली काय चालले आहे ते आधी. मे महिन्यातला एक दिवस खर्ची पडेल, पण वडिलांची गाडी नातवाच्या वरातीपर्यंत उभी राहील.