अँटिव्हायरसचा वरंबा फुटतो तेव्हा

आपल्या उसाचे वजन काट्यावर होते, तिथून आकडा हिशेब खात्यात आणि पुढे बिल बँकेत जाते. हे सारे आता संगणकावर चालते. त्यात अँटिव्हायरस बसवला की काळजी मिटली, असे पुष्कळांना वाटते. पण हा राखणदारही माणसानेच लिहिलेला. त्यातही चुका राहतात.

चुकीचा एक प्रकार म्हणजे 'बफर ओव्हरफ्लो'. बफर म्हणजे आलेली माहिती तात्पुरती ठेवायला संगणकाच्या मेमरीत राखलेली जागा. सरीत मावेना इतके पाणी सोडले की वरंबा फुटून ते शेजारच्या सरीत घुसते, तसेच इथे होते. जास्तीची माहिती शेजारी सांडते, आणि तिथे संगणकाने पुढे काय करायचे ते लिहिलेले असेल तर ते पुसून आपले लिहिते. भामटा किती पाणी सोडायचे ते मोजूनच येतो!

2016 साली गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' पथकातील टॅव्हिस ऑर्मंडी यांना सिमँटेक व नॉर्टनच्या अँटिव्हायरसमध्ये अशी चूक सापडली. 'एएसपॅक'ने आवळून बांधलेली फाइल तपासताना तो फाइलवर लिहिलेल्या आकाराएवढीच जागा राखी, आणि आतला माल न मोजताच ओती. चिठ्ठीवर पाच टन, गाडीत आठ, आणि काटा न करताच गाडी खाली! विंडोजवर हे काम थेट कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात चाले. शिवाय आलेली ईमेल अँटिव्हायरस आपणहून तपासतो, त्यामुळे फाइल कुणी उघडायचीही गरज नव्हती. गंमत म्हणजे ऑर्मंडींनी कंपनीला पाठवलेल्या नमुन्यानेच तिचा मेल सर्व्हर कोसळला असावा, असा त्यांचा कयास होता. दुरुस्ती मे 2016 मध्येच निघाली.

त्याआधी मे 2006 मध्ये सिमँटेकच्याच, कार्यालयांसाठीच्या अँटिव्हायरसमधली एक चूक उघडकीस आली होती. दुरुस्तीही लगेच मिळाली. तरी डिसेंबरमध्ये त्याच वाटेने एक 'वर्म', म्हणजे आपोआप पसरणारा किडा, फिरत होता. दुरुस्ती आली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

म्हणून अँटिव्हायरस काढून टाका असे नव्हे. पण व्हायरसांची रोजची यादी वेगळी आणि खुद्द सॉफ्टवेअरची दुरुस्ती वेगळी. यादी ताजी असूनही सॉफ्टवेअर जुनेच असू शकते. सोसायटीच्या किंवा दूध संस्थेच्या संगणकावर मुदत संपलेला अँटिव्हायरस पडून असेल, तर तो काढून घ्या. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच असतो, तो चालू आहे का ते ऑपरेटरला विचारा.