रक्तदाबाची गोळी (लेखांक चौथा) : कापलेली स्ट्रिप

गेल्या आठवड्यात रक्तदाब मोजण्याची रीत आपण पाहिली. तो वारंवार १४०/९० च्या वर भरू लागला आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, म्हणजे पुढची बरीचशी जोखीम रुग्णाच्या हाती येते.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले माझे एक वडीलधारे शेजारी परवा खिशातून गोळ्यांचा तुकडा काढून विचारते झाले, "ही बीपीचीच ना हो? जरा बघा." दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीने कापून दिलेल्या त्या चार गोळ्या होत्या, मुदत छापलेले टोक दुकानातच राहिले होते आणि पाठीच्या चांदीवर 'टेल्मि' एवढीच अक्षरे शिल्लक होती. घरचा डबा उघडला तेव्हा निराळ्या कंपनीच्या निराळ्या नावाची तीच टेल्मिसार्टन निघाली. एक ठाण्याच्या तज्ज्ञांनी लिहिलेली, दुसरी गल्लीतल्या डॉक्टरांनी. काका दोन्ही महिनाभर इमानाने घेत होते, आणि सकाळी अंथरुणातून उठताना भोवळ का येते याचा उलगडा कोणालाच होत नव्हता. म्हणून शक्यतो अखंड स्ट्रिप घ्यावी, कंपनीच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत असलेले मूळ औषधाचे नाव वाचावे, आणि कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना सगळ्या चिठ्ठ्या एकाच फायलीत न्याव्यात.

याहून घातक ती "बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला" ही समजूत. नॉर्मल आलेला आकडा ही बहुधा त्या गोळीचीच करणी असते. अटेनोलॉलसारखे औषध एकाएकी तोडले तर दाब उसळतो आणि हृदयविकार असलेल्यास प्राणसंकट ओढवू शकते. एखाद्या दिवशी गोळी राहिली आणि दुपारी आठवली तर तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशीच आठवली तर त्या दिवसाची एकच, दोन एकदम कदापि नव्हे.

बदलापूरहून सकाळची लोकल धरून मुंबईपर्यंत दीड तास उभ्याने जाणारी मंडळी लघवी वाढवणारी गोळी गुपचूप गाळतात, कारण लोकलला शौचालय नाही. ही अडचण अगदी खरी आहे, आणि ती संकोच न करता डॉक्टरांना सांगितली तर वेळेची किंवा औषधाची काही तजवीज निघू शकते. पायांवर सूज आली तर तेही सांगावे. अम्लोडिपिनने ती येते. गुडघ्यांसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक दाब वाढवते आणि या औषधांच्या जोडीने मूत्रपिंडास इजा करू शकते. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने टेल्मिसार्टनबाबत आधीच विचारणे अत्यावश्यक आहे.

झाडपाल्याच्या चूर्णाने काय बिघडते, असा प्रश्न मला उल्हासनगरच्या बाजारात अनेकदा विचारला गेला आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरील निरीक्षणांसह मांडले, तेव्हा आपल्या मुळीची कीर्ती जगभर गेली, याचा मला आजही अभिमान वाटतो; परंतु तिच्यातूनच निघालेल्या रेसर्पिनने काही रुग्णांना खिन्नता येते असे पुढे दिसले. ज्या मुळीत गुण आहे तिच्यात अपायही असू शकतो. चालू गोळीच्या जोडीला ते चूर्ण घेणाऱ्याने डॉक्टरांपासून ते लपवू नये.

मिठाचा, आणि विशेषतः उल्हासनगरच्या सिंधी पापडाचा प्रश्न मोठा आहे. तो पुढील लेखांकी.