पिकअपच्या चालकालाही तासांची मर्यादा हवी

केडगाव बायपासवरून पुण्याकडे धावणारे पिकअप आणि छोटे हत्ती बहुधा रात्रीच निघतात. भाजीपाल्याला पहाटेचा बाजार गाठायचा असतो. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. पण तो पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायांपुरताच होता. स्वतःची गाडी चालवणारा त्याबाहेर राहिला. युरोपीय संघाने १ जुलै २०२६पासून सीमेपार मालवाहतुकीच्या अडीच टनांवरील व्हॅनही तासांच्या नियमात आणायचे ठरवले. आपल्याकडेही मर्यादा हवीच. मात्र भाडे खेपेवर मिळते तोवर चालक झोप मोडणारच. म्हणून रास्त भाडे आणि महामार्गालगत विश्रांतीची जागाही द्यायला हवी.